शंभर तासांआधी: टायटॅनियम कार्बाइड दळून नॅनो करण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: चार-पाच मायक्रॉनची टायटॅनियम कार्बाइडची पावडर घेतली. प्लॅनेटरी मिल (जार स्वतःभोवती आणि मधल्या अक्षाभोवती फिरवून आतल्या गोळ्यांनी दळणारी चक्की), स्टीलचा जार, १० मिलिमीटरचे स्टीलचे गोळे, गोळे आणि पावडर यांचे वजन १०:१, वेग ३०० आरपीएम (मिनिटाला फेरे), कोरडे दळण, एकूण ६० तास. एक्सआरडीवर (क्ष-किरणांच्या विवर्तनावर) रेषेच्या रुंदीवरून माप काढणारे शेररचे सूत्र लावले तर १० नॅनोमीटर येतात. पण एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) मायक्रॉनभर आकाराचे गठ्ठे दिसतात, बीईटीने (नायट्रोजन चिकटवून पृष्ठभाग मोजण्याच्या पद्धतीने) पृष्ठफळ फक्त ४ चौरस मीटर प्रतिग्रॅम येते, आणि पावडरजवळ चुंबक नेला की ती त्याला चिकटते. अजून ४० तास दळून शंभर करावेत का? की हे सोडून सरळ टायटॅनियम आणि ग्रॅफाइट एकत्र दळून मिलमध्येच कार्बाइड तयार करावे?

शंभर तास करू नका. तुमची मिल बहुधा दहा-पंधरा तासांतच जे द्यायचे ते देऊन मोकळी झाली असावी, नंतरचे तास गोळे दळण्यात गेले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कदाचित' असे आहे, त्याकडे शेवटी येतो. त्याआधी तुमच्या तीन मोजमापांचे भांडण सोडवू, कारण ती तिन्ही मोजमापे जवळजवळ खरी आहेत. फक्त ती तीन वेगळ्या वस्तूंची आहेत.

एक्सआरडी जे मोजते ते कणाचे माप नसते. ज्या तुकड्यात अणूंची जाळी सलग, एका दिशेने लागलेली असते, त्या तुकड्याचे ते माप. त्याला क्रिस्टलाइट म्हणतात. बीईटी मोजते ते नायट्रोजनला जिथवर पोहोचता येते तो पृष्ठभाग. आणि एसईएम दाखवते ते एकमेकांना चिकटलेल्या कणांचे ढेकूळ. आता आकडा मांडून बघा. कण गोल धरले तर व्यास म्हणजे ६ भागिले घनता गुणिले पृष्ठफळ. टायटॅनियम कार्बाइडची घनता ४.९३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ४ चौरस मीटरला व्यास येतो सुमारे ३०० नॅनोमीटर. क्रिस्टलाइट खरोखर २० नॅनोमीटरचे असतील, तर एका ३०० नॅनोमीटरच्या कणात तीन हजारांहून जास्त क्रिस्टलाइट कोंबलेले आहेत. म्हणजे तुमच्याकडे आहे ती आतून नॅनो झालेली पावडर. सुटे नॅनोकण नव्हेत. २० नॅनोमीटरचे सुटे कण असते तर बीईटीने ६० चौरस मीटरच्या आसपास आकडा दिला असता.

ही घनतेची गोष्ट जाता जाता लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळ जण फसतात. टंगस्टन कार्बाइडची घनता १५.६ आहे. त्याचे बीईटी १० आले तर कण ३८ नॅनोमीटरचा. टायटॅनियम कार्बाइडचे १० आले तर १२२ नॅनोमीटरचा. दोन वेगळ्या कार्बाइडांचे चौरस मीटर शेजारी ठेवून 'याचे जास्त, म्हणून हे बारीक' असे म्हणता येत नाही.

मी २० म्हणालो, तुमचे शेरर १० म्हणते. हा फरक कुठून आला? शेररचे सूत्र १९१८ सालचे आहे आणि ते रेषेची सगळी रुंदी आकारावर ढकलते. पण गोळ्यांचा मार खाल्लेल्या जाळीत आकाराइतकीच ओढाताणही असते, म्हणजे स्ट्रेन, आणि तीही रेषा रुंद करते. तांब्याच्या क्ष-किरणांनी टायटॅनियम कार्बाइडची (२००) रेषा ४१.७ अंशांना येते; कंसातला आकडा म्हणजे ती रेषा देणाऱ्या अणूंच्या थरांचे नाव. क्रिस्टलाइट २० नॅनोमीटर असेल तर निव्वळ आकारामुळे रुंदी ०.४२ अंश. जाळीत अर्धा टक्का स्ट्रेन असेल, आणि दळलेल्या कार्बाइडात तेवढा असणे नवल नाही, तर त्यामुळे आणखी ०.४४ अंश. साधी बेरीज धरली तर ०.८६. ही सगळी रुंदी शेररच्या पदरात घातली की उत्तर येते १० नॅनोमीटरच्या जरा खाली. म्हणजे निम्मे. तुमच्या पावडरीत नेमके असेच झाले आहे हे माझ्याजवळ तुमचा आलेख नसताना मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पैज लावायची झाली तर यावर लावीन.

तपासायला सोपे आहे. त्याच नमुन्याची ९१ अंशांजवळची (४००) रेषाही मोजा. (२००) आणि (४००) एकाच दिशेच्या आहेत, म्हणून दिशेनुसार बदलणाऱ्या गुणधर्मांचा घोळ नाही. रुंदी फक्त आकाराची असेल तर (४००) ही (२००) च्या सव्वा ते दीडपट रुंद दिसेल. फक्त स्ट्रेनची असेल तर अडीच पटीहून जास्त. मधले काही आले तर दोन्ही आहेत. आकार आणि स्ट्रेन वेगळे करणारा विल्यमसन-हॉल आलेख काढा, तो १९५३ पासून याच कामासाठी आहे. आणि त्याआधी यंत्राची स्वतःची रुंदी वजा करा. लँथॅनम हेक्साबोराइडसारखा प्रमाण नमुना चालवल्याशिवाय मी तरी कोणाचा एक आकडी नॅनोमीटर मानत नाही.

आता मिलच्या आत काय चालते ते. कार्बाइड ठिसूळ, म्हणजे आपटले की फुटणार, फुटत फुटत नॅनो होणार, अशी सुरुवातीला सगळ्यांची समजूत असते. माझीही होती. पहिल्या एक-दोन तासांत तसेच होते आणि पाच मायक्रॉनचे झपाट्याने मायक्रॉनच्या खाली येते. मग गाडी अडते. कण लहान होत गेला की त्यात तडा पुढे सरकायला जागाच पुरत नाही; दाबाखाली तो फुटण्याऐवजी चेपला जातो. दाबून फोडण्याला अशी खालची मर्यादा असते हे केव्हिन केंडॉल यांनी १९७८ मध्ये गणिताने दाखवले, आणि ती अनेक पदार्थांत मायक्रॉनच्या आसपासच येते. तिच्या खालचे काम फोडण्याने होत नाही. दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलेल्या कणावर क्षणभर इतका दाब येतो की कार्बाइडसारखा पदार्थही आतून घसरतो, त्यात दोष साचतात, दोषांच्या भिंती बनतात आणि एक स्फटिक अनेक क्रिस्टलाइटांत वाटला जातो. म्हणून क्रिस्टलाइट २० नॅनोमीटरला पोहोचतो तेव्हा कण ३०० वरच असतो. वर कोरड्या दळणात ताजे फुटलेले पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटतात. फुटणे आणि चिकटणे यांचा वेग सारखा झाला की माप थांबते. त्यानंतर घड्याळ चालते, पावडर चालत नाही.

म्हणून सगळ्यात आधी ठरवायचे ते हे: तुम्हाला आतून नॅनो हवे आहे की सुटे कण? पावडर दाबून, तापवून घट्ट तुकडा करायचा असेल तर पहिले पुरेसे आहे, किंबहुना बरे आहे. सुटे २० नॅनोमीटरचे कण साच्यात धड भरतही नाहीत. उत्प्रेरक म्हणून वापरायचे असेल किंवा द्रवात तरंगते ठेवायचे असेल तर मात्र पृष्ठभाग लागतो, आणि तिथे क्रिस्टलाइटचा आकडा काही कामाचा नाही. (टंगस्टन कार्बाइड काही अभिक्रियांत प्लॅटिनमसारखे वागते हे लेव्ही आणि बूदार यांनी १९७३ मध्ये दाखवले, तेव्हापासून या पृष्ठभागाच्या मागे लोक आहेत.) आणि तार, नळी, पातळ पापुद्रा असा आकार हवा असेल तर एकट्या दळण्याने तो मिळणार नाही. मिल ओबडधोबड तुकडे देते. दळलेली पावडर नंतर तापवून तारा वाढवता येतात काही ठिकाणी, पण ते वाढवण्याचे श्रेय भट्टीचे.

चुंबकाकडे येऊ. जाते झिजले तर ते पिठातच जाणार. कडक केलेले स्टील ७-८ गिगापास्कल कठीण असते, टायटॅनियम कार्बाइड ३० च्या जवळ. म्हणजे तुम्ही साठ तास चौपट कठीण वाळूने स्टील घासले. किती गेले हे शोधायला मोठे यंत्र लागत नाही: दळण्याआधी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून तोला, जारही तोला. २० ग्रॅम पावडर आणि २०० ग्रॅम गोळे असतील, आणि गोळे अवघा एक ग्रॅम कमी भरले, तर पावडरीत जवळजवळ पाच टक्के लोखंड आहे. एक्सआरडीवर लोखंडाची मुख्य रेषा ४४.७ अंशांना दिसायला हवी, पण एक-दोन टक्क्यांपर्यंतचे, तेही नॅनो झालेले, रुंद रेषांच्या पायथ्याशी बुडून जाते. 'एक्सआरडीत फक्त कार्बाइड दिसते, म्हणून शुद्ध' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की आता त्याचा रागही येत नाही.

लोखंड काढता येते. टायटॅनियम कार्बाइडला विरल हायड्रोक्लोरिक आम्ल फारसे बाधत नाही, लोखंड विरघळते. धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) करा, हायड्रोजन सुटतो; पावडर थोडी थोडी घाला, नाहीतर फेस बाहेर येतो. नायट्रिक आम्ल मात्र घेऊ नका, ते कार्बाइडही खाते. धुऊन झाल्यावर बीईटी पुन्हा घ्या. कधी कधी ते वाढलेले दिसते, कारण कणांना चिकटवून ठेवणारा लोखंडाचा लेप निघून जातो.

पुढच्या वेळी कोणता जार? 'झीज होणारच, तर कोणती झीज आपल्याला चालेल' असा विचार करा. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचे गोळे कठीण आणि जड असतात, घनता १५ च्या जवळ, म्हणजे त्याच मापाचा गोळा स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जोराने बसतो. झीज कमी, पण जी होते ती टंगस्टन आणि कोबाल्टची. टंगस्टन कार्बाइड उच्च तापमानाला टायटॅनियम कार्बाइडात विरघळते, म्हणून घट्ट तुकडा करायचा असेल तर बहुधा खपून जाते. उत्प्रेरकाच्या कामात कोबाल्ट सगळा निकाल बिघडवतो. झिरकोनिया स्वच्छ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा कठीणपणा १२ गिगापास्कलच्या आसपास, कार्बाइडपुढे तोही झिजतो, आणि मागे ठेवलेला ऑक्साइड आम्लाने सहज निघत नाही. लोखंडाची सोय अशी की ते धुता येते. मी स्वतः लांब दळणाला कठीण धातूचे (म्हणजे याच टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचे) गोळे आणि छोट्या प्रयोगांना स्टील असे करतो. ज्याचे दळण त्याच कार्बाइडचे गोळे मिळाले तर उत्तमच, पण टंगस्टन सोडून बाकी कार्बाइडांत ते क्वचित मिळतात.

वेग आणि गोळ्याचे माप, हे दोन आकडे तासांपेक्षा खूप जास्त बोलतात. येकातेरिनबुर्ग येथील गुसेव आणि कुर्लोव यांनी कार्बाइड दळण्याचे जे गणित मांडले आहे त्यात पावडरीला मिळणारी ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे आणि वेळेच्या साध्या प्रमाणात वाढते, आणि तिचा काही भाग नवे पृष्ठभाग करण्यात तर काही जाळीतल्या ओढाताणीत मुरतो. म्हणजे ३०० वरून ५०० आरपीएमला गेलात तर एका तासाचे काम साडेचार तासांचे होते. तुमचे साठ तास १३ तासांत बसतात. पण लक्षात घ्या, जास्त ऊर्जा म्हणजे जास्त स्ट्रेनही, आणि जार तापतो. मी पंधरा मिनिटे चालू, पंधरा मिनिटे बंद असे ठेवतो. बंद काळ तासांत मोजायचा नाही. अहवालात दोन्ही वेगळे लिहा, नाहीतर दुसऱ्याला तुमचा प्रयोग परत करता येणार नाही.

गोळ्याच्या मापाबाबत उलटे वाटणारी गोष्ट: बारीक दळायला लहान गोळे. व्यास निम्मा केला तर प्रत्येक टोला आठपट हलका, पण त्याच वजनात गोळे आठपट. १० वरून ३ मिलिमीटरला आलात तर संख्या ३७ पट. पाच मायक्रॉनचे कण फोडायला जड टोला हवा, म्हणून पहिला तास १० मिलिमीटरचे. मायक्रॉनच्या खाली आल्यावर जोरापेक्षा भेटी जास्त महत्त्वाच्या, तिथे ३ किंवा त्याहून लहान. साठ तास १० मिलिमीटर हे हातोड्याने रवा काढण्यासारखे होते.

सुटे कण हवे असतील तर ओले दळा. आयसोप्रोपॅनॉल, हेप्टेन, टोल्यूइन यांपैकी काहीही, आणि सोबत पावडरीच्या एखाद-दोन टक्के स्टिअरिक किंवा ओलेइक आम्ल. ताजा पृष्ठभाग उघडला की हे रेणू दुसऱ्या कणाच्या आधी तिथे जाऊन बसतात. पाणी टाळा, ताज्या कार्बाइडाला ते ऑक्सिजन देते. अल्कोहोलही थोडा देतो, हेप्टेन त्याऐवजी कार्बन देतो. फुकट काहीच नाही. पावडर आणि द्रव यांची राबडी घट्ट झाली तर गोळे तिच्यात रुततात आणि टोला मरतो. अगदी पातळ झाली तर पावडर गोळ्यांच्या वाटेतून निसटते. आवाजावरून हे कळायला लागते काही महिन्यांनी: चांगल्या दळणाचा आवाज सतत खडखडाटाचा असतो, रुतलेल्याचा धप-धप.

ओले दळूनही सगळी पावडर नॅनो होत नाही, जाड शेपूट राहतेच. तिच्यासाठी आणखी वीस तास दळण्याऐवजी राबडी भरपूर द्रवात पसरवा, अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या टाकीत) ठेवा आणि जाडे कण खाली बसू द्या. बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने बदलतो: १०० नॅनोमीटरचा कण मायक्रॉनच्या कणापेक्षा शंभरपट सावकाश बसतो. वर राहिलेला द्रव काढून घ्या, तळ पुन्हा मिलमध्ये. उत्पन्न कमी मिळते. पण जे मिळते ते टीईएमखाली (आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) नेले तर मान खाली घालावी लागत नाही. वाळवताना मात्र साध्या ओव्हनमध्ये वाळवलेत तर द्रव आटता आटता कणांना परत एकत्र ओढतो आणि सगळी मेहनत ढेकळात जाते. गोठवून वाळवा, नाहीतर द्रवातच साठवा.

पाचेक वर्षे या कामात घालवल्यावर मला सगळ्यात जास्त छळले ते लोखंडाने नव्हे, ऑक्सिजनने. हिशेब करा: २० नॅनोमीटरच्या कणावर केवळ एक नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड बसला, तर कणाच्या घनफळातला २७ टक्के भाग ऑक्साइड झाला. मायक्रॉनच्या कणावर तोच थर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मग ही पावडर तापवली की ऑक्साइड कार्बाइडातलाच कार्बन ओढून कार्बन मोनॉक्साइड म्हणून उडून जातो. टायटॅनियम कार्बाइडाला कार्बनची कमतरता बरीच सोसते. त्याची रचना टायटॅनियमच्या निम्म्या कार्बनपर्यंतही टिकते, फक्त गुणधर्म सरकतात. टंगस्टन कार्बाइडाला असा पैस नाही. त्यात कार्बन वजनाने ६.१३ टक्के असायला हवा, आणि कोबाल्टबरोबर तापवताना दशांश-दोन दशांश टक्क्यांची चूक झाली तरी एकीकडे मोकळा कार्बन, दुसरीकडे ईटा नावाची ठिसूळ कोबाल्ट-टंगस्टन कार्बाइड अवस्था. मी एकदा अतिशय सुंदर, बारीक दळलेल्या पावडरीच्या वड्या केल्या आणि त्या बोटाच्या दाबाने कोपऱ्यातून तुटल्या. दळणात चूक नव्हती. दळलेली पावडर दोन दिवस उघड्या बाटलीत राहिली होती, एवढेच.

टायटॅनियम कार्बाइडात ऑक्सिजन आत शिरला का हे जाळीच्या मापावरून थोडेफार ओळखता येते. चांगल्या कार्बाइडचे ते ०.४३३ नॅनोमीटरच्या जवळ असते. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन कार्बनच्या जागी बसला की ते आकसते. नायट्रोजनचा उल्लेख मुद्दाम केला: 'निष्क्रिय वायू' म्हणून जारमध्ये नायट्रोजन भरणारे भेटतात. ताज्या टायटॅनियमपुढे नायट्रोजन निष्क्रिय नसतो. आर्गॉन भरा.

कठीण धातूचा धंदा करणाऱ्यांना या सगळ्यात नवे काही वाटणार नाही. श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट एकत्र बांधण्याचे पेटंट १९२३ मध्ये घेतले, तेव्हापासून हे दोन बॉल मिलमध्ये एकत्र दळले जात आहेत. त्या धंद्यात तयार तुकड्यातला कण ०.२ मायक्रॉनपेक्षा लहान असला की त्याला नॅनो म्हणतात, म्हणजे २०० नॅनोमीटर. प्रयोगशाळेत १० नॅनोमीटरवर वाद घालणाऱ्यांना हे ऐकून हसू येते, पण त्यामागे अनुभव आहे: २० नॅनोमीटरची पावडर घेऊन भट्टीत गेलात तरी कोबाल्ट वितळला की कण भराभर वाढतात. म्हणून व्हॅनेडियम कार्बाइड किंवा क्रोमियम कार्बाइड टक्क्याच्या आत-बाहेर घालून वाढ रोखतात. तुमचा शेवट भट्टीत असेल तर दळणातले शेवटचे पाच नॅनोमीटर मिळवण्यासाठी आठवडा घालवणे मला पटत नाही.

आता दुसरा प्रश्न: टायटॅनियम आणि ग्रॅफाइट घेऊन मिलमध्येच कार्बाइड. चालते, आणि चांगले चालते. वजनाने ८० भाग टायटॅनियम, २० भाग कार्बन. यात मूळ पदार्थ मऊ आहेत, म्हणून झीज सुरुवातीला कमी. टायटॅनियम चेपले जाते, त्याच्या पापुद्र्यांत कार्बन अडकतो, पापुद्रे पातळ होत जातात. ही पद्धत मुळात कार्बाइडसाठी नव्हती. जॉन बेंजामिन यांनी १९६६ च्या सुमारास निकेलच्या मिश्रधातूंत ऑक्साइड पसरवण्यासाठी ती वापरली, नंतर लोकांनी तिच्यात सगळेच टाकून पाहिले.

पुढे दोन शक्यता असतात, आणि कोणती घडेल हे मिलच्या जोरावर ठरते. टायटॅनियम आणि कार्बन एकत्र येताना मोलला सुमारे १८४ किलोज्यूल उष्णता सुटते. पापुद्रे पुरेसे पातळ झाले आणि टोला जोरदार असला की जारमधली सगळी पावडर एका क्षणात पेट घेते. आतले तापमान हिशेबाने ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. २० ग्रॅमच्या भरणात ही सुमारे ६० किलोज्यूल उष्णता झाली. जारच्या बाहेर तापमापी लावली असेल तर रेषा अचानक उभी राहते. कार्बाइड एका झटक्यात तयार, पण त्या उष्णतेत कण जाड होतात आणि मग त्यांना पुन्हा दळावे लागते, म्हणजे तुम्ही फिरून सुरुवातीला आलात. कमी जोराने, सावकाश दळले तर पेट न घेता हळूहळू कार्बाइड होते आणि ते सुरुवातीपासूनच बारीक असते. नॅनो हवे असेल तर दुसरा मार्ग बरा. पेट टाळण्यासाठी मिश्रणात चौथा हिस्सा तयार कार्बाइड किंवा कोरडे मीठ मिसळतात. मीठ नंतर पाण्याने धुऊन टाकता येते, मात्र स्टीलच्या जारमध्ये ते तसेच ठेवून घरी जाऊ नका, जार गंजतो.

टंगस्टनसाठी हाच मार्ग खडतर आहे. टंगस्टन आणि कार्बन एकत्र येताना फार थोडी उष्णता सुटते, मोलला ४० किलोज्यूलच्या आसपास, म्हणून पेट घेण्याचा प्रश्नच नाही आणि दळून दळून टंगस्टन शिल्लकच राहते. तिथे दळणे ही तयारी मानायची: नीट मिसळलेली पावडर हजारेक अंशांना तापवली तरी काम होते, एरवी १४०० ते १६०० अंश लागतात. टंगस्टन ऑक्साइड, मॅग्नेशियम आणि कार्बन एकत्र दळून कार्बाइड करण्याची युक्तीही आहे, मागे राहिलेला मॅग्नेशियम ऑक्साइड आम्लाने निघतो. पण त्यात मोलला हजारेक किलोज्यूल सुटतात. पहिल्यांदा कराल तर दोन-तीन ग्रॅमने करा आणि झाकणाचा क्लॅम्प कसलेला असू द्या.

जार उघडण्याबद्दल लिहिल्याशिवाय हे संपवू शकत नाही. टायटॅनियम-ग्रॅफाइटचे अर्धे दळण झाल्यावर नमुना काढावा म्हणून मी एकदा कोमट जार उघड्या टेबलावर उघडला. चमच्याच्या टोकाशी एक ठिणगी दिसली, मग पावडरीवरून तांबूस रेषा सरकत गेली आणि आठ सेकंदांत जारमध्ये पांढरी राख होती. बोटे वाचली, पावडर गेली. तेव्हापासून: जार पूर्ण गार, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) आर्गॉनखाली उघडायचा. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर झाकणाला झडप असलेला जार घ्या आणि हवा थेंबाथेंबाने, काही तास लावून आत सोडा, म्हणजे पातळ ऑक्साइड शांतपणे बसतो. पेटलीच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही नाही. कोरडी वाळू शेजारी असू द्या. ओल्या दळणात द्रवाची वाफ जारमध्ये कोंडलेली असते, म्हणून तेही गार झाल्याशिवाय उघडायचे नाही. कोबाल्ट असलेली पावडर हाताळताना मास्क साधा कापडी नको: टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची एकत्र धूळ फुप्फुसाचा असाध्य आजार देते आणि तिला 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात टाकलेले आहे. नॅनो झाली की ती हवेत जास्त वेळ तरंगते.

तुमच्या हातात आत्ता जी पावडर आहे ती टाकू नका. गोळे आणि जार तोला, (४००) रेषा मोजा, पावडरीचा एक भाग विरल आम्लाने धुऊन बीईटी परत घ्या. नवीन दळण चालू कराल तेव्हा १, २, ४, ८ आणि १६ तासांना चिमूटभर नमुना काढा. जास्त काढलात तर गोळे-पावडर प्रमाणच बदलते. आठ आणि सोळा तासांच्या आकड्यांत फरक दिसला नाही तर मिल बंद करा आणि गोळे बदला.